चेहरा रातोरात साफ झाला, तेव्हाच शंका यायला हवी होती

पुरळावर ‘हर्बल’ क्रीम विकणाऱ्या एका ऑनलाइन टोळीच्या नादात माझे ३१,९९९ रुपये गेले. आधी २,४९९, मग ६,८००, मग १८,५०० आणि शेवटी ४,२००. शेवटचे ४,२०० तर ‘बुडालेले पैसे परत मिळवून देतो’ म्हणणाऱ्याने नेले. ज्यांच्या चेहऱ्यावर आणि मानेवर पुरळ उठतं, जातं, पुन्हा उठतं, आणि डॉक्टर बदलून बदलून जे कंटाळलेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. ही टोळी नेमकं अशाच माणसांना हेरते. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण माझ्या गालांची जी दशा झाली ती कोण भरून देणार?

सुरुवात कानामागून झाली होती. आधी खाज, मग लाली, मग कपाळावर केसांच्या कडेने बारीक पुटकुळ्या आणि तिथून खाली मानेवर. सकाळी उठल्यावर पापण्या सुजलेल्या असायच्या. दोन-तीन आठवड्यांत ओसरायचं, आता बरं वाटतंय म्हणेपर्यंत परत तेच. मी शाळेत शिकवते. पहिल्या बाकावरची मुलं थेट विचारतात, ‘बाई, तुम्हाला काय चावलं?’ भर उन्हाळ्यात गळ्याभोवती ओढणी गुंडाळून वर्गावर जायचे. स्टाफरूममध्ये एकीने माझ्याशेजारची खुर्ची हळूच सरकवून घेतली, ते मी पाहिलं. बोलले नाही काही.

‘आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे का गेली नाहीस?’ असं आता सगळे विचारतात. गेले होते! एकाकडे नाही, जास्त जणांकडे गेले होते. तास-तास बाहेर बसायचं आणि आत गेल्यावर दोन मिनिटांत बाहेर. ‘ॲलर्जी आहे, हे लावा, ही गोळी रात्री घ्या.’ कशाची ॲलर्जी? ‘कशाचीही असू शकते.’ पुरळ कधी येतं, कशानंतर येतं, मी चेहऱ्याला, केसांना काय लावते, एकानेही विचारलं नाही. गोळीने खाज थांबायची, गोळी संपली की परत सुरू.

अशा मनःस्थितीत मोबाइलवर ती जाहिरात दिसली. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, मागे काचेच्या बरण्यांची मांडणी, आणि अस्सल मराठीत बोलणारा माणूस. ‘रक्तात साठलेली उष्णता चेहऱ्यावाटे बाहेर पडते. वरून मलमं लावून ती दाबू नका, मुळातून काढा.’ खाली फॉर्म होता. भरला आणि लगेच फोन वाजला.

फोनवरच्या बाईने माझ्याशी अर्धा तास बोलून घेतलं. जेवण किती वाजता, झोप लागते का, पाळी नियमित आहे का, घरात ताणतणाव आहे का. ‘ताई, तुम्ही किती सहन केलंत’ असं ती म्हणाली तेव्हा मला रडू फुटलं. इतक्या महिन्यांत कुणी एवढं ऐकून घेतलं नव्हतं. आता कळतं की तिच्यासमोर प्रश्नांची छापील यादी असणार आणि रोज अशा कितीतरी बायका तिच्याशी बोलून रडत असणार. पण त्या क्षणी मला ती बाई आणि ते दोन मिनिटांत हाकलणारे डॉक्टर यांच्यातला फरक दिसला, आणि मी २,४९९ रुपये भरले. आधी पैसे भरले तर कुरिअर फुकट होतं. कुणीही भरले असते.

खोक्यात एक डबी, एक काढ्याची बाटली आणि पुड्यांची पाकिटं होती.

आता त्या डबीबद्दल सांगते, कारण माझं मन अजूनही तिथेच अडकतं. झाकण उघडलं तर आत पांढरंशुभ्र, गुळगुळीत, चकचकीत क्रीम. वास काहीच नाही. वर लिहिलेलं, ‘२१ वनौषधींचा अर्क: मंजिष्ठा, हळद, कडुलिंब, अनंतमूळ.’ माझ्या आजीने घरी लेप केलेले मी लहानपणापासून पाहिलेत. मंजिष्ठा कशात टाकली तर ते लाल होतं. हळदीने बोटं पिवळी होतात. कडुलिंबाचा कडवट वास दुसऱ्या खोलीपर्यंत जातो. एकवीस वनस्पती कोळून घातलेलं मलम दुधासारखं पांढरं आणि बिनवासाचं कसं असेल? लेबल तिरकं चिकटवलेलं होतं, नखाने कड उचलली तर सबंध सुटून आलं आणि खाली नुसतं कोरं प्लॅस्टिक. बॅच नंबर नाही, उत्पादन परवान्याचा क्रमांक नाही, बनवल्याची तारीख नाही, कारखान्याचा पत्ता नाही. एका शहराचं नाव आणि मोबाइल नंबर, बस. आयुर्वेदिक औषधाच्या लेबलवर हे सगळं छापणं कायद्याने बंधनकारक आहे.

हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. सुटलेलं लेबल अंगठ्याने दाबून परत चिकटवलं आणि त्या रात्री क्रीम लावलं. ज्याला कधी रात्रभर मान खाजवत बसावं लागलं नाही, त्याने मला शहाणपण शिकवू नये. त्या वेळी मला फक्त झोप हवी होती.

आणि झोप लागली. दोन-तीन रात्रींत चेहरा साफ. लाली गेली, पुटकुळ्या बसल्या, त्वचा उजळ दिसायला लागली. ज्या पुरळाने इतके महिने दाद दिली नव्हती ते असं पुसून काढल्यासारखं गेलं, तिथेच मी हात आखडायला हवा होता. वनस्पतींचा लेप असं करत नाही. हे करतं स्टिरॉइड. जोरकस स्टिरॉइड त्वचेतला दाह दाबून टाकतं, तिथल्या रक्तवाहिन्या आकसवतं, म्हणून लाली उतरते आणि रंग उजळल्यासारखा वाटतो. पुरळ ज्या कारणाने येतं ते कारण तिथेच असतं. योग्य आजारात, योग्य जागी, ठरावीक दिवस दिलं तर स्टिरॉइड चांगलं औषध आहे, हे मला नंतर डॉक्टरांनीच सांगितलं. पण चेहऱ्याची त्वचा पातळ, औषध जास्त शोषून घेते. तिथे जोरकस स्टिरॉइड महिनोन्‌महिने चोपडलं की वाट लागते.

फोनवरची बाई दर आठवड्याला विचारायची, ‘एक दिवसही चुकवत नाही ना ताई?’ मला वाटायचं, किती काळजी! मग एका लग्नाला गावी गेले आणि डबी घरीच राहिली. हळदीच्या दिवशी गाल तापायला लागले. लग्नाच्या दिवशी चेहरा लालबुंद, सुजलेला, आग आग होणारा. पूर्वीच्या पुरळापेक्षा कितीतरी वाईट. मांडवात न जाता आतल्या खोलीत ओला रुमाल तोंडावर घेऊन पडून राहिले. फोन केला तर उत्तर तयार: ‘ताई, हे चांगलं लक्षण आहे. विष बाहेर पडतंय. आता मध्येच थांबलात तर ते आत परत जाईल.’

हे वाक्य कुणी तुम्हाला ऐकवलं तर तिथल्या तिथे फोन ठेवा. औषध बंद केल्यावर त्रास दुप्पट उसळतो, तो स्टिरॉइड सुटल्याचा परिणाम असतो. त्याच उसळीवर यांचा धंदा चालतो. मी ‘दुसऱ्या टप्प्या’चे ६,८०० भरले. डबी आली, लावली, पुन्हा शांत. मग ‘संपूर्ण रक्तशुद्धी, लेखी हमीसह’ म्हणून १८,५०० मागितले. हमीपत्र व्हॉट्सॲपवर आलं, त्यावर सही होती, शिक्का होता, वैद्यांच्या नावापुढे पदवी होती. नोंदणी क्रमांक नव्हता. तो असायला हवा, हे मला तेव्हा कोण सांगणार होतं? आता तुम्हाला सांगते. आयुर्वेदाच्या डॉक्टरांची नोंदणी आपल्याकडे महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते, ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे. ऑनलाइन सल्ला देणाऱ्याने आपला नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर लिहायचा असतो. क्रमांक मागा. ‘साहेब बिझी आहेत’ असं उत्तर आलं तर समजून घ्या.

पुढे डबी रोज लावूनही चेहरा बिघडायला लागला. गालांवर लाल बारीक शिरा जाळ्यासारख्या दिसू लागल्या. हनुवटीवर दाणे आले. कानाजवळ लव वाढली. कुकरची वाफ तोंडावर आली तरी डोळ्यांत पाणी यायचं, उन्हात पाच मिनिटं उभं राहवत नव्हतं. पुड्यांनी भूक भलतीच वाढली होती आणि तोंड सुजल्यासारखं गोल दिसत होतं.

याच काळात मावसबहिणीचा फोन आला. ‘तू कुठल्या क्रीमची जाहिरात केलीस का गं?’ दर आठवड्याला ‘प्रगती पाहायला’ म्हणून जे फोटो यांनी माझ्याकडून मागवून घेतले होते, ते ‘आधी’ आणि ‘नंतर’ म्हणून जाहिरातीत लावले होते. डोळ्यांवर काळी पट्टी होती. पण मानेवरचा तीळ आणि मंगळसूत्राच्या वाट्या तिने ओळखल्या. त्या जाहिरातीखाली लोक माझ्या चेहऱ्याबद्दल लिहीत होते. माझा साफ दिसणारा गाल पाहून आणखी कुणी पैसे भरले असतील, या विचाराने अजून झोप उडते. फोटो काढून टाका म्हटल्यावर त्यांनी माझा नंबर ब्लॉक केला. हमीपत्र, वैद्य, काळजी करणारी बाई, सगळं एका क्षणात संपलं.

ज्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी शेवटी मला हात दिला, त्यांनी डबी न उघडताच, नुसता चेहरा बघून विचारलं, ‘किती दिवस लावताय?’ अशा चेहऱ्याला आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी नावच दिलंय, टोपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस, म्हणजे स्टिरॉइड लावून लावून बिघडलेला चेहरा. इतके पेशंट येतात म्हणून नाव द्यावं लागलं! स्टिरॉइडची मलमं सरकारने २०१८ साली शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरी दुकानात तोंडी मागून मिळतात, आणि आता घरपोच ‘हर्बल’ म्हणून येतात.

पुड्यांबद्दल कळल्यावर, त्यांतही स्टिरॉइड असेल या शंकेने, त्यांनी रक्तदाब, साखर आणि सकाळच्या कॉर्टिसॉलची (शरीर स्वतः बनवतं ते स्टिरॉइड) तपासणी करायला लावली. इथे सगळ्यांनी कान देऊन ऐका: अशा पुड्या कुणी बरेच दिवस घेत असेल तर घाबरून एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. पोटात जाणारं स्टिरॉइड खूप दिवस घेतलं की शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं कमी करतं, आणि अचानक तोडलं तर चक्कर, उलट्या, रक्तदाब पडणं, अगदी जिवावर बेतेपर्यंत जाऊ शकतं.

आणि त्यांनी तो प्रश्न विचारला जो इतक्या जणांनी विचारायला हवा होता. ‘केसांना काय लावता?’ हेअर डाय. महिना-दीड महिन्याने. पुरळही महिना-दीड महिन्यानेच यायचं! पाठीवर पॅच टेस्टच्या, म्हणजे ॲलर्जी कशाची ते शोधायला संशयित रसायनं लावलेल्या पट्ट्या लावल्या, ४८ तासांनी काढून पाहिल्या, ९६ तासांनी पुन्हा पाहिल्या. पॅराफेनिलिनडायअमिनच्या जागी लाल, फुगलेला गोळा. डायला गडद रंग येतो तो याच रसायनाने. डोक्याच्या कातडीला फारसं काही होत नाही, पण केसांची कड, कान, पापण्या, मान इथे पुरळ उठतं. माझं नेमकं तिथेच सुरू झालं होतं. रक्तातली उष्णता वगैरे काही नव्हतं. ‘अमोनियामुक्त’ लिहिलेल्या पाकिटातही हे रसायन असू शकतं. झटपट रंगणाऱ्या काळ्या मेंदीतही घातलेलं असतं. एका तपासणीत जे कळलं त्यासाठी मी ३१,९९९ रुपये आणि चेहरा घालवला.

आता तक्रारीचं सांगते. डबी घेऊन औषधांच्या सरकारी कार्यालयात गेले. पहिल्या टेबलावर, ‘हे आयुर्वेदिक आहे, आमच्याकडे येत नाही.’ म्हटलं, यात स्टिरॉइड आहे. ‘कशावरून?’ म्हटलं, तेच तपासा. ‘उघडलेली डबी आम्ही घेत नाही.’ न उघडता लावायची कशी होती? दुसऱ्या टेबलावर म्हणे हे सौंदर्यप्रसाधन आहे, त्याचे साहेब दौऱ्यावर. नंतर गेले तर साहेब मीटिंगमध्ये. अर्ज घ्या म्हटलं तर आवक-जावकची खिडकी जेवणासाठी बंद. तासाभराने उघडली तेव्हा म्हणाले, विक्रेत्याचा पूर्ण पत्ता नसेल तर कारवाई कुणावर करायची? अहो, पत्ता छापलेला नाही हाच तर गुन्हा आहे! औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० मध्ये कलम २६ आहे. विकत घेतलेलं औषध किंवा सौंदर्यप्रसाधन शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा हक्क ग्राहकाला आहे. हे मी वाचून दाखवलं तर समोरचा माणूस म्हणाला, ‘मॅडम, असं कुणी येत नाही.’ कुणी येत नाही, कारण आलेल्याला तुम्ही टेबलांवरून फिरवता.

पोलीस ठाण्यात तर लाज काढली. ‘क्रीम मिळालं ना? मग फसवणूक कसली?’ ‘पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत.’ ‘आमच्याकडे लाखांच्या केसेस पडून आहेत, ताई.’ माझा फोटो माझ्या परवानगीशिवाय फिरतोय म्हटल्यावर हवालदाराने तो जाहिरातीचा फोटो मोठा करून बघितला, मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि शेजारच्याला दाखवला. सगळ्यांसमोर. हातात पोच दिली तीही अर्धवट, तिच्यावर रक्कम लिहिली ६,८००, कारण ‘एकच व्यवहार घेऊ, बाकीचं नंतर बघू.’ ते नंतर अजून आलेलं नाही. बँकेत गेले तर बँक म्हणते पोलिसांचं पत्र आणा, पोलीस म्हणतात बँकेकडून खात्याची माहिती आणा. मी शाळा बुडवून, बिनपगारी रजा टाकून हे करत होते, आणि त्या खुर्च्यांवर बसलेल्या एकालाही हे लक्षात येत नव्हतं की समोरच्या बाईला ट्यूबलाइटच्या उजेडातही चेहऱ्याची आग होतेय.

आणि याच चिडीत मी त्या जाहिरातीखाली माझी सगळी हकीकत लिहिली, मोबाइल नंबरसकट. दुसऱ्याच दिवशी ‘ग्राहक संरक्षण अधिकारी’ म्हणून फोन. माझ्या तिन्ही रकमा त्याला तोंडपाठ होत्या. २७,७९९ रुपये मंजूर झालेत, फक्त जीएसटीचे ४,२०० भरा, तेही परत मिळतील. अशोकस्तंभ छापलेलं पत्र पाठवलं. सगळीकडून हाकललेल्या माणसाला कुणी ‘तुमची तक्रार मंजूर झाली’ म्हटलं तर तो विश्वास ठेवणारच. रकमा इतक्या अचूक माहीत असायला तो त्याच टोळीतला असणार, हे पैसे गेल्यावर डोक्यात आलं. परतावा देणारा कधी आधी पैसे मागत नाही. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही. आणि आपला नंबर असा चारचौघांत लिहू नका.

पैसे नुकतेच गेले असतील तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा १९३० नंबर लावा, सकाळची वाट पाहू नका. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळवलं तरच अडवता येतात. मला हा नंबर कळेपर्यंत खातं रिकामं झालं होतं. वस्तूची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, वकील लागत नाही, पण दोन वर्षांच्या आत दाखल करावं लागतं. घरबसल्या ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या सरकारी पोर्टलवरही करता येतं. मी केलंय. माझ्याकडे विक्रेत्याचा पत्ता नव्हता, पण पैसे ज्या खात्यांत गेले त्यांची नावं पावतीवर होती, कुरिअरच्या पिशवीवर पाठवणाऱ्याचा पिनकोड होता. म्हणून सांगते, पिशवीसुद्धा फेकू नका. डबी रागाने कचऱ्यात टाकू नका, झाकण लावून, तारीख लिहून ठेवा. फोनवरचं संभाषण, फोटो, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, सगळं ठेवा, कारण ते लोक जाहिरात काढून नव्या नावाने उद्याच लावतात. माझ्या जाहिरातीतलं नाव बदललंय. ‘२१ वनौषधी’ आता ‘२७’ झाल्यात, डबी तीच आहे, आणि ‘नंतर’च्या फोटोतली मान अजून माझीच आहे.